मरळीचा दवाखाना

काय खाल्लंस, हे सांगितल्याशिवाय माझ्या मोठ्या मामाच्या ओटीवरून कोणीही सुटत नसे. पोस्टमन असो, मीटर बघायला आलेला विजेचा माणूस असो, की मतं मागायला आलेला उमेदवार असो, मामा आधी खुर्ची सरकवायचा, मग तांब्याभर पाणी द्यायचा आणि समोर उकिडवा बसून विचारायचा, "सकाळपासनं काय काय खाल्लं?" नवखा माणूस याला आगत-स्वागत समजायचा आणि "नको नको, जेवूनच निघालोय" म्हणायचा. पण मामाला कोणाला जेवू घालायचं नसायचं. त्याला यादी हवी असायची. चहाबरोबर बटर होता की खारी, भाजी सुकी होती की रश्श्याची, आणि रात्रीची उरलेली होती का. एकदा एका उमेदवाराने घाईत "आम्ही काहीच खाल्लेलं नाही" असं सांगितलं, तेव्हा मामा इतका हसला की मामी चुलीपुढून उठून बघायला आली. माझ्या मामेबहिणीला बघायला मुलगा आला तेव्हाही हेच. मुलाकडच्यांनी नोकरी, शिक्षण, घर अशी सगळी उत्तरं पाठ करून आणली होती. मामाने त्याला एकच प्रश्न टाकला. मुलगा बिचारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "खोपोलीला उतरल्यावर दोन वडापाव खाल्ले. भूक लागली होती." त्याची आई लाजेने लाल झाली, कारण घरून पोहे खाऊन निघालो असं तिने नुकतंच सांगितलं होतं. मामा मात्र आत येऊन मामीला म्हणाला, "देऊन टाक पोरगी. पोटातलं खरं बोलतो." आणि दिली.

ही खोड त्याला नोकरीने लावली असं मामीचं म्हणणं आहे. मामाने उभं आयुष्य साजगावच्या बाजूला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डाव हातात धरून काढलं. कोणाला भात लागतो, कोणाला नुसतं कालवण लागतं, कोण डाळ सोडून देतो म्हणजे घरी भांडून आलाय, हे त्याला ताटावरून कळायचं. माणसांची नावं तो विसरतो, ताटं विसरत नाही. अजूनही बाजारात कोणी हटकलं तर तो क्षणभर कोरा चेहरा करतो आणि मग म्हणतो, "हां, तुमी ते! दोन पापड, ताक नाय." समोरचा माणूस साहेब झालेला असला तरी मामाच्या वहीत तो दोन पापडच राहतो.

पण माणसं सांगतील ते ऐकून घ्यावं लागतं, आणि ते मामाला पुरेसं वाटत नसे. म्हणून त्याचा खरा जीव माशांवर. मासा साफ करायला बसला की तो आतडी फेकून देत नसे. फणसाच्या पानावर ती पसरायची, काडीने पोट उलगडायचं, आणि वर्तमानपत्र वाचावं तसं मोठ्याने वाचायचं. "शिवड्यानं शेवाळ खाल्लंय. वामीनं झिंगे खाल्लेत, चार. ही बघ, ही खवली उपाशीच होती बिचारी." मामी वैतागून म्हणायची, "आवं, कालवणाला दुपार करता का आता?" पण पोट वाचून झाल्याशिवाय मासा आत जात नसे. खोपोलीच्या बाजारात तर तो मासे घ्यायचा नाही आणि नुसती पोटं बघत बसायचा. तिथली कोळीण त्याला लांबून येताना बघितला की टोपलीवर फडकं टाकायची आणि शेजारणीला म्हणायची, "आला गं बाय, पोटदुखीवाला आला." मी लहान असताना सुट्टीत मामाकडे गेले की त्या पानाशी मांडी घालून बसायची. घरात दुसरं वाचण्यासारखं काही नव्हतं. पहिलं वाचन मी ते केलं असं म्हटलं तरी चालेल.

त्या पानावरचं वाचन वर्षागणिक बदलत गेलं. नदी आमच्या मामाच्या गावाला वळसा घालून जाते. वरच्या अंगाला कारखाने, आणि त्यांच्यातून येणारा एक नाला गावाच्या अलीकडे नदीला मिळतो. मी सातवी-आठवीत असेपर्यंत शेवाळ, किडे, झिंगे असं काही ना काही निघायचं. मग करडा गाळ निघायला लागला, आणि त्या गाळात लाल दोऱ्यासारखे बारीक किडे. मामा ते काडीच्या टोकावर उचलून उन्हात धरायचा. "हे आपल्या नदीतलं गिऱ्हाईक नाय," म्हणायचा, "हे नवीन आलेत." पुढे पुढे तो मोठ्याने वाचेनासा झाला. नुसता बघायचा, पान गुंडाळायचा आणि परसात लांब नेऊन पुरायचा.

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत, आईच्याही आणि बाबांच्याही, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही. पायरी चढताना धरायला कठडा नव्हता, पण मामा होता. प्रवेशाच्या दिवशी तो कॅन्टीनचा निळा शर्ट घालूनच आला, कारण त्याच्याकडे तोच इस्त्रीचा होता. खिडकीतल्या क्लार्कला त्याने काय खाल्लं ते विचारलं, आणि क्लार्कने चक्क सांगितलंही. मग मला म्हणाला, "तू शिकणार ती केमिस्ट्री म्हंजे काय असतं गं?" मी म्हटलं, "कशात काय काय असतं ते शोधायचं." मामा खूश झाला. "म्हंजे माझंच काम की! शीक, शीक."

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी मामाकडे आले ती अर्धं पुस्तक वाचून सगळं कळल्यासारखी. मामा पान पुढे घेऊन गप्प बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहून व्याख्यान दिलं. कारखान्याचं विष पाण्यात मिसळतं, मासा कल्ल्यांतून श्वास घेतो, कल्ल्यांतून पाणी आत-बाहेर होतं, त्यातून विष त्याच्या अंगात जातं. कल्ल्याचं चित्रही काढून दाखवलं, मामीच्या तांदळाच्या पिठात बोटाने. मामाने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे पानी बदललं तर?" मी म्हटलं, "तर काय, सुटेल प्रश्न." असं मी म्हटलं, आणि ते इतक्या ठामपणे म्हटलं की आजही तो सूर माझ्या कानात आहे.

महिन्याभरात मामाने परसात सिमेंटची टाकी बांधली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने आणून तिच्यात सोडलं, वरून तारेची जाळी टाकली, कारण मरळ जातीचा मासा उडी मारतो. आणि नदीतून जिवंत मरळी आणून तो तिथे ठेवायला लागला. मरळ चिवट असते, ओल्या गोणपाटातसुद्धा अर्धा दिवस जगते. टाकीला त्याने नाव दिलं दवाखाना. नदीतून आणली की ती 'भरती' झाली. टाकीच्या कडेला खडूने भरतीची तारीख लिहायचा. महिना झाला की 'डिस्चार्ज', म्हणजे त्या दिवशी कालवण. मला भिसेगावला, मी राहायची तिथे, फोन यायचा, "बाय, रविवारी दोघींना डिस्चार्ज हाय, ये." मी जायची. सगळं घर जेवायचं, आजूबाजूची पोरंटोरं जेवायची. डिस्चार्जच्या दिवशी पोटं उघडली की त्यात आता लाल किडे नसायचे, आणि मामा पान सगळ्या आळीला दाखवायचा. "आमच्या बायच्या सायन्सचा दवाखाना हाय हा," तो सांगायचा. "पान्याचं तिनं बघितलं, खान्याचं मी बघतो." मी वर मान करून ताटातला तुकडा उचलायची. खोटं कशाला बोलू, तो तुकडा मला माझ्या मार्कशीटपेक्षा जास्त चवदार लागायचा.

पुढे मी पदवीधर झाले आणि कुंभिवलीला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. पांढरा कोट, काचेची नळकांडी, दिवसभर पाण्याचे नमुने. मामा एकदा गेटपर्यंत येऊन मला कोटात बघून गेला. आत येऊ देईनात, म्हणून त्याने गेटवरच्या वॉचमनची यादी घेतली आणि गेला. मामेबहिणीचं लग्न त्या वडापाववाल्याशी झालं, आणि दोन वर्षांनी तिला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे बाळंतिणीला मरळीचं कालवण देतात, ताकद भरून येते म्हणतात. त्याच आठवड्यात मामाने एक मरळ भरती केली. हातभर लांब, काळीभोर, डोळ्यात माज. खडूने तारखेच्या जागी लेकीचं नाव लिहिलं. "हिला महिन्यावर नाय सोडायची," म्हणाला. "पूर्ण कोर्स करायचा. पोरगी मोकळी होईपर्यंत."

मामेबहीण सातव्या महिन्यात माहेरी आली, त्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या कंपनीत बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, नदीतले मासे तपासायला. मदतीला मला दिलं. त्या कामात मी त्यांना आमच्या दवाखान्याबद्दल सांगितलं, अभिमानाने. त्या हसल्या नाहीत. हातमोजे काढत त्यांनी विचारलं, "टाकीत त्याला खायला काय घालतात?" मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी टाकीतलं पाणी दहादा बघितलं होतं, ओंजळीत घेऊन वास घेतला होता. खायला काय घालतात ते कधी बघितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "कल्ल्यांतूनही जातं, पण अशी काही विषं असतात की ती माशाच्या अंगात मुख्यतः जेवणातून जातात. गाळात बसतात, गाळातून किड्यात, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात. आणि दर पायरीला साठत जातात." मी विचारलं, "मग स्वच्छ पाण्यात ठेवलं तर उतरत नाही?" त्या म्हणाल्या, "फार हळू. काही तर वर्षानुवर्षं नाही." पायरीचं मला कौतुक होतं ना. ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

रविवारी सकाळी मी मामाकडे गेले. मामेबहीण ओटीवर पाय पसरून कैरी खात बसली होती. मामी आत पाट्यावर काहीतरी वाटत होती. मामा नदीवरून येत होता, हातात पत्र्याचा डबा. डबा हलला की आतून टपटप आवाज येत होता. तो थेट टाकीशी गेला, मी मागोमाग.

"डब्यात काय आहे मामा?"

"हिचा नाश्ता." त्याने जाळी बाजूला केली, डब्यातून एक जिवंत झिंगा काढला आणि पाण्यावर धरला. मरळ खालून आली आणि त्याच्या बोटांतून घेऊन गेली. मामा लाडाने म्हणाला, "हिला भात चालत नाय, पीठ चालत नाय. मोठी नखऱ्याची. जितं लागतं. म्हनून रोज जातो. झिंगे, बारकी खवली. मघाशी पोरगी बोलली, माझ्यापरीस हिचेच लाड जास्त."

"कुठून आणतोस?"

"नदीतनं. दुसरं कुठनं? नाल्याच्या तोंडाशी लय मिळतात, गाळात."

मामाने ताट बघावं तसं माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याच्यापासून काही लपत नाही.

"काय गं? काय झालं?"

मग मी सांगितलं. आडवळणाने नाही, मला ते जमत नाही. विष पाण्यात असतंच, पण हे विष मासा खातो, असं सांगितलं. मामाने डबा खाली ठेवला.

"झिंगा काय खातो?" त्याने विचारलं.

"गाळातलं. बारीक किडे."

"ते लाल?"

"तेही."

"आन् ते किडं काय खातात?"

"गाळ."

मामा टाकीशी उकिडवा बसला. आयुष्यभर पोटं वाचलेला माणूस तो. त्याला मी कल्ल्याचं चित्र काढून दाखवलं होतं, पण जे दाखवायला हवं होतं ते त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं, काडीच्या टोकावर उन्हात धरलेलं. फक्त शिकलेल्या भाचीने पाण्याचं नाव घेतलं म्हणून त्याने स्वतःचं वाचन बाजूला ठेवलं.

"पन डिस्चार्जच्या दिवशी पोट साफ असायचं ना," तो म्हणाला. "मी बघितलंय. आख्ख्या आळीनं बघितलंय."

"पोटात नाही राहत ते मामा. अंगात जातं. मांसात, चरबीत. पानावर दिसत नाही."

"म्हंजे चांगल्या पान्यात ठेवून," तो सावकाश म्हणाला, "मीच भरवलं तिला. माझ्या हातानं."

"मीच सांगितलं होतं तुला पाण्याचं."

"तू पान्याचं बघनार होतीस," मामा म्हणाला. "खान्याचं माझ्याकडं होतं."

त्याने मला एका शब्दाने दोष दिला असता तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात आतून मामीची हाक आली, "आवं, वाटण झालंय. बाळंतिणीचं राहू दे, पोरीला आजच खावीशी वाटते, तर काढा ती मरळ भायेर." ओटीवरून मामेबहीण हसत म्हणाली, "बाबा, माझा डिस्चार्ज मला आधी द्या." मामाने डब्यातले उरलेले झिंगे परसातल्या मातीत ओतले आणि वर पायाने माती लोटली. मग टाकीवर जाळी ठेवली, तिच्यावर दगड ठेवला, आणि आत जाऊन मामीला म्हणाला, "आज डिस्चार्ज नाय. त्या वाटणात वाल टाक." का ते त्याने सांगितलं नाही. मामेबहीण रुसली. वालाचं कालवण झालं, आणि मामा स्वतः डाव घेऊन वाढायला उभा राहिला, कॅन्टीनमध्ये राहायचा तसा, सगळ्यांच्या ताटाकडे बघत. लेकीच्या ताटात त्याने तीनदा वाढलं.

पुढे मामेबहीण मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी धडधाकट आहेत. बाळंतिणीला मरळ मिळाली नाही म्हणून मामीने आळीभर तोंड सोडलं, आणि आळीला वाटलं, म्हाताऱ्याला त्या माशाची माया लागली. मामाने लोकांना तसंच वाटू दिलं. माझ्या सायन्सची चूक होती असं त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून ते मी इथे लिहिते आहे.

मरळ अजून टाकीत आहे. खडूचं नाव पुसट झालंय, तरी मामा ते अधूनमधून गिरवतो. नदीतलं खाणं बंद केलं, आता परसातली गांडुळं घालतो. पहिल्या दिवशी त्याने मला फोन करून विचारलं होतं, "गांडूळ काय खातं गं?" मी म्हटलं, माती. "आन् माती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मातीचा नमुना पाठव, बघते. त्याने कॅन्टीनच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, चार कप्प्यांत, परसाच्या चार कोपऱ्यांची माती पाठवली, वर फडकं बांधून. बऱ्यापैकी स्वच्छ निघाली. त्या दिवशी फोनवर मामा पोरासारखा हसला होता.

मी गेले की आम्ही दोघं टाकीशी जातो. तो विचारतो, "उतरलं असंल का गं?" मी म्हणते, "माहीत नाही मामा." हे शब्द मला पदवीच्या तिन्ही वर्षांत कोणी बोलायला शिकवले नाहीत. ते मी त्या टाकीशी शिकले. मागच्या वेळी त्याची नात जाळीला नाक लावून बघत होती. "आजोबा, हिला काय झालंय?" मामा म्हणाला, "आजारी हाय. लय दिवस भरती हाय." मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आपन किती डिस्चार्ज जेवलो, बाय? हिला निदान टाकी तरी हाय. आपल्याला कुठल्या टाकीत ठेवायचं?" आणि स्वतःच हसला. मला त्याच्याबरोबर हसायला जमलं नाही.

फणसाची पानं आता गळून परसात पडून राहतात, त्यांच्यावर कोणी काही पसरत नाही. आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. पोस्टमन येतो, मीटरवाला येतो, जावई येतो, मामा खुर्ची सरकवतो, तांब्या देतो, समोर उकिडवा बसतो. काय खाल्लं हे आता तो कोणाला विचारत नाही. मी निघाले की फाटकापर्यंत येतो, जाळीवरचा दगड नीट आहे ना ते मागे वळून एकदा बघतो, आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, "पोट भरलं ना गं तुझं?"